वसईचे जुने गिरजाघर

रावेतहून निघून चाकण आणि राजगुरुनगर मागे टाकत आपण भीमाशंकरला गेलो, तर तेथील देवळासमोर एक मोठी घंटा टांगलेली दिसते. देवळात घंटा असणे यात नवल काहीच नाही. पण मुलांनो, ही घंटा जरा निरखून पाहा. आपल्याकडच्या घंटांपेक्षा तिचा घाट वेगळा आहे. शिवाय तिच्या अंगावर एका स्त्रीची आकृती आहे आणि त्या स्त्रीजवळ एक लहान मूल आहे. ही स्त्री म्हणजे बीबी मरियम आणि ते मूल म्हणजे हजरत ईसा. ख्रिस्ती लोक त्यांना मारिया माता आणि प्रभू येशू म्हणतात. कुराणात ज्यांच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे त्या बीबी मरियम सह्याद्रीच्या माथ्यावर, शंकराच्या देवळापुढे कशा आल्या?

ही घंटा वसईहून आली आहे. वसई मुंबईच्या उत्तरेला, समुद्रकाठी आहे. तेथील किल्ल्यात सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज लोक राहत होते आणि त्यांनी किल्ल्याच्या आतच अनेक चर्च बांधली होती. त्यांपैकी सर्वांत मानाचे चर्च होते संत जोसेफ यांचे. आज त्यावर छप्पर नाही. आत गवत उगवते, पावसात पाणी साचते. तरीही चर्च कसे बांधत असत हे समजून घ्यायचे असेल, तर अशी उघडी पडलेली इमारतच अधिक उपयोगाची असते. घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्याचे झाकण काढावे लागते, तसेच हे.

आधी एका शब्दाची गंमत सांगतो. मराठीत आपण ‘चर्च’ म्हणतो, पण तुमच्या उर्दूच्या पुस्तकात ‘गिरजा’ किंवा ‘गिरजाघर’ असा शब्द येतो. हा शब्द ना फारसी, ना अरबी. पोर्तुगीज भाषेत चर्चला ‘इग्रेजा’ म्हणतात, त्यावरून तो आपल्याकडे आला. पादरी हाही त्यांचाच शब्द. चावी, पगार, बटाटा, बादली, अलमारी, नीलाम हे शब्दही पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच उतरले. सकाळी चहाबरोबर तुम्ही जो पाव खाता, त्याचे नावसुद्धा त्यांनीच दिलेले आहे.

आता वसईकडे वळू. पोर्तुगीज येण्यापूर्वी हा मुलूख गुजरातच्या सुलतानांचा होता. सुलतान बहादूरशाह याच्यासमोर १५३४ साली मोठे संकट उभे राहिले. दिल्लीचा बादशाह हुमायून त्याच्यावर चालून येण्याच्या बेतात होता आणि समुद्रावर पोर्तुगीजांच्या आरमाराने त्याला सतावून सोडले होते. दोन शत्रूंशी एकाच वेळी लढणे शक्य नव्हते. तेव्हा २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांच्या एका जहाजावर तह झाला. त्या तहाने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांना मिळाली. ज्या बेटांवर आज मुंबई उभी आहे, तीही त्यांतच होती. बहादूरशाहाला या मैत्रीचा फारसा लाभ झाला नाही. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १५३७ मध्ये, दीव बंदरात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला.

मग पोर्तुगीजांनी येथे आपले शहर वसवायला घेतले. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने ८ मार्च १५४६ रोजी गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला पत्र पाठवून वसईत संत जोसेफ यांच्या नावाचे चर्च बांधण्याचा हुकूम दिला. त्याच पत्रात दुसराही हुकूम होता. मूर्तिपूजा बंद करावी, असे राजाने लिहिले होते. सुलतानाच्या काळात मशिदींच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेले उत्पन्नही पोर्तुगीजांनी चर्चच्या कामाकडे वळवले. म्हणजे या चर्चच्या भिंती चढत होत्या, तेव्हा दुसरीकडे मशिदींतले दिवे मंद होत होते. ही गोष्ट लपवून वसईच्या चर्चची स्तुती करणे बरे नव्हे. आणि तेवढ्यासाठी त्या गवंड्यांचे, पाथरवटांचे कसब नाकारणेही बरे नव्हे. दगड घडवणारे हात बहुतांशी इथल्याच माणसांचे होते.

काही वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन हा किल्ला पाहायला गेलो होतो. संत जोसेफ चर्चच्या पडक्या कमानींखाली उभे राहून आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, ही मशीद होती का?” बाकीची मुले हसली. मला मात्र प्रश्न आवडला. त्याने कमान पाहिली आणि त्याला मशिदीची आठवण झाली, यात चूक काय? मशीद आणि चर्च यांच्या बांधणीत काही गोष्टी खरोखरच सारख्या आहेत, आणि काही अगदी उलट आहेत.

मशिदीत आपण किब्ल्याकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पहिली सफ जितकी लांब तितकी चांगली. म्हणून मशिदीचे दालन बहुधा खोल असण्यापेक्षा रुंद असते. चर्चमध्ये याच्या उलट असते. तिथे एका टोकाला वेदी असते. वेदी म्हणजे ज्या उंच ओट्यापाशी पाद्री प्रार्थनेचा विधी करतात ती जागा. लोक तिच्याकडे तोंड करून एकामागे एक रांगांत बसतात आणि मधल्या वाटेने मिरवणूक दारापासून वेदीपर्यंत जाते. म्हणून चर्चचे दालन लांबट आणि अरुंद असते. संत जोसेफ चर्चच्या दारात उभे राहिले, की लांबवर वेदीची जागा दिसते आणि पावले आपोआप तिकडे वळतात. प्रार्थनेची रीत बदलली की दालनाचा आकार बदलतो.

वेदीच्या अलीकडे एक मोठी कमान असते. तिच्या एका बाजूला लोकांची जागा आणि दुसऱ्या बाजूला पाद्र्यांची. मशिदीत मेहराबीमुळे आपल्याला दिशा कळते. चर्चमध्ये ही मोठी कमान आपली नजर वेदीवर नेऊन ठेवते.

या चर्चच्या दर्शनी बाजूला उंच चौकोनी मनोरा आहे. मनोऱ्याच्या पोटातून एक अरुंद दगडी जिना गोल गोल फिरत वर जातो. एका वेळी एकच माणूस चढू शकेल एवढीच त्याची रुंदी. अजान दूरवर ऐकू जावी म्हणून मशिदीला मिनार हवा असतो, तसाच घंटेचा आवाज शेतांपर्यंत आणि खाडीतल्या होड्यांपर्यंत पोहोचावा म्हणून चर्चला मनोरा हवा असतो. पण घंटा म्हणजे अनेक मणांचे ओझे. ती नुसती टांगलेली नसते, झुलते. झुलताना मनोऱ्याला हिसके देते. म्हणून मनोऱ्याच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि त्यामुळेच बाकीची इमारत ढासळली तरी मनोरा पुष्कळदा उभा राहतो. गंमत अशी, की मनोरा उभा आहे आणि ज्या घंटेसाठी तो बांधला ती मात्र तिथे नाही.

कमानीचे गणित समजून घ्यायचे असेल तर वर्गातच एक प्रयोग करा. सात-आठ पुस्तके उभी, एकमेकांना चिकटवून ठेवा. दोन्ही टोकांना तळहात लावून जोराने दाबा आणि सगळी रांग वर उचला. मधल्या पुस्तकांना खालून काहीच आधार नाही, तरी ती पडत नाहीत. दोन्ही बाजूंच्या दाबाने ती एकमेकांना धरून ठेवतात. आता एक हात किंचित सैल करा. सगळी पुस्तके जमिनीवर! कमानीतले दगडही असेच एकमेकांना रेटत असतात. ते वरच्या बाजूला थोडे रुंद आणि खाली थोडे निमुळते घडवलेले असतात. अगदी मधोमध बसवतात तो शेवटचा दगड. तो बसेपर्यंत सगळी कमान लाकडाच्या आधारावर ठेवावी लागते. तो बसला की लाकूड काढून घेतात आणि कमान स्वतःच्या वजनावर उभी राहते. तुमच्या दोन तळहातांचे काम तिथे दोन्ही बाजूंच्या जाड भिंती करतात.

अशाच कमानी एकामागे एक जोडत नेल्या तर दगडाचे छत तयार होते, अर्धे कापलेले पिंप उपडे घातल्यासारखे. वसईच्या किल्ल्यात काही ठिकाणी वेदीच्या जागेवर असे छत होते. लोक बसतात ते दालन मात्र फार रुंद असल्यामुळे त्यावर लाकडी तुळया टाकून कौले घालत. कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कौले शाकारायला, कुजलेली तुळई बदलायला कोणी राहिले नाही, की असे छप्पर काही वर्षांतच खाली येते. दगडी कमान मात्र टिकते. म्हणून आज तिथे कमानी आहेत, भिंती आहेत आणि वर आभाळ आहे.

भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. भिंतीला आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा आणि दारे-खिडक्यांच्या चौकटींना मात्र नीट घडवलेला दगड. वसई भागातल्या दगडाला त्या काळी मोठी मागणी होती. गोव्यात जांभा दगड भरपूर, पण तो सच्छिद्र असतो आणि त्यावर बारीक नक्षी कोरता येत नाही. म्हणून जुन्या गोव्यातल्या प्रसिद्ध बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागावरचे कोरीवकाम करायला वसईचा काळा दगड जहाजाने नेला. ते चर्च १६०५ साली पूर्ण झाले. १९८६ पासून जुन्या गोव्यातील चर्च जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की समोरचा दगड वसईचा आहे?

संत जोसेफ चर्चच्या दारावर एक शिलालेख आहे. पोर्तुगीज भाषेतला हा लेख सांगतो, की १६०१ साली आलेशो द मिनेझिस हे आर्चबिशप, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, असताना आणि पेद्रु गालव्हाव परेरा हे येथील पाद्री असताना ही ‘मात्रीझ’ नव्याने बांधली. मात्रीझ म्हणजे मातृमंदिर, गावातले पहिले, आईच्या मानाचे चर्च. आज लोक या इमारतीला सर्रास कॅथीड्रल म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे जिथे बिशपची गादी असते ते चर्च, आणि पोर्तुगीजांच्या काळात वसईला बिशप नव्हता. शिलालेखातला शब्दच अधिक बरोबर आहे. ज्या पाद्र्याने हे काम करून घेतले, तो पुढे १६१८ साली गोव्यात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी वसईला आणून याच चर्चमध्ये पुरल्या, असे त्याच्या थडग्यावरचा लेख सांगतो. आपण बांधलेल्या इमारतीत परत यावे असे त्याला वाटले असेल.

किल्ल्यात आणखीही चर्च आहेत. फ्रान्सिस्कन पंथाच्या संत अँथनी चर्चमध्ये जमिनीवरच थडग्यांचे दगड बसवलेले आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज घराण्यांची चिन्हे व नावे कोरली आहेत. पाऊल कुठे ठेवावे असा प्रश्न पडतो. जेझुइट पंथाच्या चर्चचा दर्शनी भाग खांब आणि कोरीवकामाने सजवलेला आहे. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकले. ते पुढे जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली पोपनी त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

आता घंटेकडे परत येऊ. चिमाजीअप्पा हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी १७३९ मध्ये वसईला वेढा घातला. किल्ल्याच्या बहुतेक बाजूंना पाणी आणि दलदल, त्यामुळे हल्ला करायला जागा थोडी. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले. दोन्हीकडची असंख्य माणसे मेली. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडण्याचे कबूल केले आणि करार झाला.

हा करार वाचण्यासारखा आहे. पोर्तुगीज सैन्याने आपली शस्त्रे घेऊन, नगारे वाजवत, निशाणे उभारून सन्मानाने बाहेर पडावे, ज्या ख्रिस्ती रयतेला येथे राहायचे असेल तिला आपला धर्म पाळता यावा आणि तिच्यासाठी तीन चर्च राखून ठेवावीत, असे त्यात ठरले. त्या तिघांपैकी एक शहरात, एक वसईच्या मुलखात आणि एक साष्टी बेटावर. इतकी माणसे गमावून जिंकलेल्या सैन्याने हे मान्य करावे, हे त्या काळात सोपे नव्हते. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षांपूर्वी येथे काय केले होते ते आपण वर वाचलेच आहे.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी उतरवल्या आणि विजयाची खूण म्हणून नेल्या. एक भीमाशंकरला गेली. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे. एक वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणीसांनी बांधलेल्या देवळापाशी आहे. तिच्यावरही आई आणि मूल आहे आणि १७०७ हे साल आहे. या घंटा वितळवून तोफा करता आल्या असत्या, कारण घंटेचा धातू तोफेला चालतो. त्या वितळवल्या नाहीत. त्यांच्यावरची आकृतीही कोणी घासून काढली नाही.

किल्ल्याचे पुढे काय झाले? काही वर्षे ते मराठ्यांचे ठाणे होते. १७८० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले, तहानंतर परत दिले, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तो प्रसिद्ध वसईचा तह केला आणि १८१८ मध्ये सगळेच इंग्रजांच्या हाती गेले. शहर ओस पडले, झाडे वाढली. वड-पिंपळाचे बी चुन्याच्या फटीत पडते, पाऊस त्याला जागवतो आणि त्याचे मूळ पाचरीसारखे दगड फोडत जाते. आता ही वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण पिंपळापेक्षाही एक गोष्ट मला जास्त खुपली. त्या चारशे वर्षांच्या गिलाव्यावर लोकांनी खिळ्याने आपली नावे कोरली आहेत. आमच्या सहलीतल्या एका मुलाच्या हातातही कंपास होता. तो मी काढून घेतला.

किल्ला ओस पडला म्हणून वसईचे ख्रिस्ती लोक संपले नाहीत. आसपासच्या गावांत ते राहिले, शेती-बागायती करत राहिले आणि मराठी बोलत राहिले. आज तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना मराठीत होतात. वसई भागात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईला स्वतःचा बिशप मिळाला तो १९९८ साली. त्याची गादी किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये नाही, जवळच्या पापडी गावच्या चर्चमध्ये आहे. म्हणजे खरे कॅथीड्रल आता तिथे आहे.

आणि आपल्या पुण्यात? पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक आणि अधिकारी होते. तोफखान्याच्या कामात ते वाकबगार. त्यांना प्रार्थनेसाठी पुण्यात जागा नव्हती. त्यांनी पेशव्यांकडे अर्ज केला. तेव्हा पेशवेपदावर सवाई माधवराव होते, वय अवघे अठरा वर्षे. चिमाजीअप्पांनी वसईच्या घंटा उतरवल्या, त्यांच्याच थोरल्या भावाचे हे पणतू. त्यांनी १७९२ साली चर्चसाठी जमीन दिली. त्या जमिनीवर आधी साधी इमारत उभी राहिली, पुढे मोठी झाली. नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ ते चर्च आजही आहे. लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. पुण्यातले हे सर्वांत जुने चर्च. त्यावर छप्पर आहे, आत बाके आहेत आणि दर रविवारी तिथे माणसे जमतात.

पुण्याला गेलात तर ते जरूर पाहा. दारात उभे राहून वेदी कुठे आहे, मधली वाट कुठून जाते, घंटा कुठे आहे हे ओळखण्याचा प्रयत्न करा. प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा आणि आत जाण्यापूर्वी तिथल्या कोणालातरी विचारा. एक लक्षात ठेवा. मशिदीत जाताना आपण डोक्यावर टोपी घालतो आणि पायातले काढून ठेवतो. चर्चमध्ये पुरुष सहसा टोपी काढतात आणि पायातले तसेच राहू देतात.